एकादशी ते अमावस्या: मामीसोबत कौंडण्यपूर

पहिला दिवस, एकादशी

पितृपंधरवड्यातल्या एकादशीला पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. मामी ७६ वर्षांची आहे, म्हणून एसटीत तिचं तिकीट शून्य रुपयांचं. माझं अर्धं. कंडक्टरने आधार कार्ड पाहून तिला तिकीट दिलं, ते तिने पदराच्या गाठीत बांधलं. तिच्याजवळ एकच कापडी पिशवी होती. दोन लुगडी, गव्हाचं जाडंभरडं पीठ, मिठाची पुडी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा गोवऱ्या. गोवऱ्या कशाला, असं मी विचारलं.

"चतुर्दशीले लागतीन," एवढंच म्हणाली.

माझा मामेभाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. स्वतःच गेला. कसा, ते मी लिहिणार नाही. ४१ वर्षांचा होता, यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात सात एकर वावर, कापूस, तूर आणि सोयाबीन. मामीच्या लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेला, एकुलता. मागे बायको आणि आता दहावीत असलेली मुलगी. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर घरच्यांना सरकारकडून एक लाखाची मदत मिळते, पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. याचं होतं कृषी केंद्राच्या उधारीचं आणि वहीत नाव नसलेल्या सावकाराचं. फाईलवर 'अपात्र' असा शेरा पडला. तेरवीच्या वेळी भटजींनी सांगितलं की अशा मरणाला गती नसते, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करावा लागेल, तीन दिवसांचा विधी आहे. त्या रात्री मामी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "सरकारनं बी अपात्र केलं, देवानं बी अपात्र केलं. मंग पोट्टं गेलं कोठी?"

हा प्रश्न तिने तीन वर्षं सोडला नाही. जिवंत माणसाने सोसायचं ते कशासाठी, सोसणं अर्धवट टाकून गेलेल्याचं पुढे काय होतं, आणि मागे राहिलेल्यांनी काय करायचं, हे तिन्ही तिच्या मनात एकाच दोऱ्यात ओवलेलं आहे. त्र्यंबकेश्वरला जायची ऐपत नव्हती. यंदा तिनेच ठरवलं की विनोबांचं पवनार, तुकडोजी महाराजांची मोझरी करायची आणि चतुर्दशीला कौंडण्यपूरला वर्धा नदीवर जायचं. पंधरवड्यातली ती घात चतुर्दशी. अपघाताने, शस्त्राने, अकाली गेलेल्यांची तिथी. म्हणजे शास्त्राने त्यांच्यासाठीही एक दिवस राखलेला आहे. हे मला तिच्याकडून कळलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, देवाधर्मात फारशी नसते. पण रजा टाकली आणि निघाले.

स्टॉपवर गावातल्या आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा सेविका, भेटल्या. बीपीची गोळी घेतली का, असं त्यांनी मामीला दटावून विचारलं. शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत प्रेरणा या सरकारी मानसिक आरोग्य प्रकल्पाच्या प्रश्नावल्या आशांनीच घरोघर जाऊन भरल्या. झोप येते का, भूक लागते का, जगणं नकोसं वाटतं का. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुरुवातीले तो शेवटचा प्रश्न विचाराची भीती वाटे. विचारलं त आपूनच डोक्यात घालून देऊ का काय. ट्रेनिंगमधी सांगतलं, उलटं हाये, सरळ विचारा. खरंच सांगतो ताई, विचारलं की माणूस रडते आन् मंग बोलते." मग जरा थांबून, "तुमच्या भावाच्या घरी त्या महिन्यात मी गेलीच नव्हती. लसीकरण सुरू होतं." आता त्यांच्या पिशवीला १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक लिहिलेलं स्टिकर आहे. रात्री-बेरात्री लावता येतो, पैसे लागत नाहीत. तो नंबर त्यांनी वस्तीतल्या प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. बाहेर लावला तर लोकांना लाज वाटते म्हणून आत.

आशाताई बौद्ध आहेत. त्यांच्याकडे पितर जेवू घालत नाहीत, गेलेल्यासाठी पुण्यानुमोदन करतात. गाडीत बसल्यावर मला बाबासाहेबांची आठवण झाली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्यामागे, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी मामीच्याच प्रश्नाला हात घातलाय. जगणं दुःख, मरण दुःख आणि पुन्हा जन्मणंही दुःख असेल तर सगळंच संपलं, मग माणसाला कोणता धर्म सुखी करणार? अशी निराशेची शिकवण मूळ बुद्धाची असेल का, की नंतर भिक्खूंनी घातली, असा सवाल त्यांनी केला. दीक्षाभूमीवर लाखो लोकांना नवी वाट दाखवणारा माणूस मरणाच्या दारात बसून हे विचारत होता. मला तो प्रश्न धीराचा वाटतो. जो धर्म 'सोस, पुढे मिळेल' एवढंच सांगतो, त्याला त्यांनी तिथेच अडवलंय.

वर्ध्यात माझ्या मैत्रिणीकडे उतरलो. संध्याकाळी गोपुरीला गीताई मंदिरात गेलो. त्याला छप्पर नाही, मूर्ती नाही. दगडी शिळा उभ्या आणि त्यांच्यावर विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय कोरलेले. मामी चौथी शिकलेली. बोट लावून, ओठ हलवत वाचत होती. दुसऱ्या अध्यायातल्या त्या श्लोकापाशी थांबली, माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो तसा आत्मा जुनी शरीरं टाकतो, हा श्लोक. आपल्याकडे प्रत्येक मयताच्या घरी कोणीतरी तो म्हणतंच.

तिने बोट अक्षरावरून काढलं नाही. "जुनं झालेलं टाकतेत म्हणते. त्याचं कोठी जुनं झालं होतं व?"

मी काही बोलले नाही. पावसाने शिळा ओल्या होत्या आणि खोबणीत पाणी साचलं होतं. तिने पदराने तेवढी ओळ पुसून काढली.

दुसरा दिवस, द्वादशी

द्वादशी ही संन्याशांची तिथी. मामी म्हणाली, मंग विनोबाकडे आजच जाऊ.

वर्ध्याहून पवनारला जाताना दत्तपूर लागतं. कुष्ठधामाची पाटी दिसताच मामीने ऑटो थांबवायला सांगितलं. उतरली नाही, नुसते हात जोडले. तिचं माहेर महागाव तालुक्यातलं. त्याच तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, सरपंच राहिलेले, भजनाचा नाद असलेले शेतकरी, १९ मार्च १९८६ ला बायको मालती आणि चार मुलांना घेऊन इथे दत्तपूरला आले आणि सहाही जण गेले. महाराष्ट्रातली जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगितली जाते. दर १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी शेतकरी आणि त्यांच्याबद्दल कळवळा असलेले लोक अन्नत्याग करतात. मामीही तीन वर्षं त्या दिवशी चूल पेटवत नाही. "लेकरायले काऊन नेलं असन व?" एवढं ती पुटपुटली. ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं आणि गाडी पुढे काढली.

पवनारला धाम नदी दुथडी होती. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी इथेही विसर्जित केल्या, त्याची छत्री पात्रात उभी आहे. तिच्या पायथ्यापर्यंत गढूळ पाणी आलं होतं. आश्रम वर टेकाडावर. बहिणी शेतात वाकलेल्या, एक जण विळीवर दोडके चिरत होती. भरत-राम भेटीचं जुनं शिल्प पाहिलं. विनोबा इथली जमीन खणत असताना ते सापडलं. धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना अशी मूर्ती असावी असं त्यांच्या मनात आलं होतं, आणि काही वर्षांनी कुदळीला ती लागली. मामी त्या शिल्पापुढे बराच वेळ बसली. तिचं लक्ष रामापेक्षा भरताकडे जास्त. मागे राहिलेला तो.

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी बहुतेक ती इथे आली होती. १९८२ च्या नोव्हेंबरात विनोबांना हृदयाचा झटका आला, त्यांनी औषध, अन्न आणि पाणी सोडलं आणि १५ तारखेला ते गेले. ८७ वर्षांचे होते.

"विनोबानं अन्न सोडलं त थे समाधी. आन् माह्या बाबूनं केलं त थे पाप. हे कसं व माय? तू मास्तरीण हायेस, सांग."

मी तिला जे सांगितलं ते इथे नीट लिहिते, कारण तेव्हा शब्द धड सापडले नाहीत. विनोबांनी दिवसाउजेडी, सगळ्यांना सांगून, सगळ्यांच्या देखत सोडलं. भेटायला माणसांची रीघ होती. कोणी समजूत घालू शकत होतं, आणि लोकांनी घातलीही. देहच निघालेला होता, त्यांनी त्याला धरून ठेवलं नाही. तेही बरोबर होतं की नाही, यावर वाद घालणारे तेव्हाही होते. आपल्या बाबूचं तसं नव्हतं. त्याचा देह जगायला तयार होता. त्याला मरायचं नव्हतं, त्याला ते ओझं खाली ठेवायचं होतं, आणि ठेवायला जागा दिसली नाही. रात्र, एकटेपणा आणि न झोपलेलं डोकं. अशा वेळी जगण्याचा हिशेब मांडला तर तो खोटाच निघतो. सगळं देणं दिसतं, येणं दिसत नाही. ज्याने मांडला त्याची लबाडी नसते त्यात. तो आजारी असतो. तापाने फणफणलेल्या माणसाने भलतंसलतं बोलावं, त्याला आपण पापी म्हणतो का?

"म्हंजे पाप नाही?"

"नाही. दुखणं होतं ते. आणि दुखण्याला औषध असतं. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही."

भटजींनी तेव्हा ईशावास्याचा मंत्र म्हटला होता, आत्मघात करणारे लोक आंधळ्या अंधाराने भरलेल्या असुर्य लोकात जातात असा. तो मंत्र आहे खरा. पण शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ जीव देणारे असा केलेलाच नाही. स्वतःच्या आत्म्याला न ओळखणारे, अज्ञानी, ते आत्महन, असं ते म्हणतात. म्हणजे त्या हिशेबाने तू, मी, भटजी, सगळेच आलो. विनोबांनी ह्याच उपनिषदावर 'ईशावास्यवृत्ती' लिहिली. आणि माणसांचा कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरवलं की ज्याने असा प्रयत्न केला तो मोठ्या ताणाखाली होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, सरकारने त्याला उपचार आणि आधार द्यायचा. मामीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कायद्याले समजलं. देवाले नसन समजत?"

इथे ती थोडी हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तिसरा दिवस, त्रयोदशी

वर्धा, आर्वी, तळेगाव, मोझरी. दिवसभर गाडीतच गेला. आर्वीच्या स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, मध्ये मध्ये पऱ्हाटीला बोंडं धरलेली. दोन वावरांत पाणी साचून झाडं बसलेली. मामी खिडकीतून प्रत्येक वावराची पारख करत होती. हे बरं हाये, याले अळी हाये, याचं तं गेलं.

तळेगावला गाडी बदलताना तिने बिस्किटांचे पुडे घेतले आणि स्टँडवर खेळणाऱ्या पोरांना वाटले. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. त्रयोदशी लेकरांची असते. बाबूच्या आधीचे दोघं. एक सहा महिन्यांचा, एक दोन वर्षांची. त्यांची नावंही मला माहीत नव्हती. मी पन्नाशीची आहे आणि आजवर कोणी मला ती सांगितली नव्हती.

मोझरीला गुरुकुंजात पोचलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. तुकडोजी महाराजांची समाधी आहे. ते ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पुण्यतिथीला इथे लाखो लोक जमतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे एकदम स्तब्ध उभे राहतात. त्याला अजून तीनेक आठवडे होते, आत्ताच बांबू येऊन पडले होते. सामुदायिक प्रार्थनेला आम्ही बसलो. भगव्या टोप्या घातलेली पंधरा-वीस माणसं, काही बाया, एक शाळकरी मुलगा जो सारखा डास मारत होता. खंजिरी नव्हती. प्रार्थना झाल्यावर सगळे थोडा वेळ गप्प बसतात, तो वेळ मला फार आवडला. कोणी कोणाला काही समजावत नव्हतं.

मागे मुक्कामाच्या खोलीकडे जाताना एका भिंतीवर गाडगेबाबांचे दहा सांगावे रंगवलेले होते. अमरावती जिल्ह्यात ही यादी कुठे ना कुठे दिसतेच. भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, असं करत शेवटी दुःखी आणि निराश माणसांना हिंमत. आणि खाली, हाच आजचा रोकडा धर्म. मी ही यादी शाळेत मुलांकडून कितीदा पाठ करून घेतली असेल. 'रोकडा' या शब्दाकडे त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिलं. ज्या मुलखात बी उधार, खत उधार, औषध उधार, तिथे हा माणूस झाडू घेऊन सांगत हिंडला की धर्म तरी उधारीवर घेऊ नका. पुढच्या जन्मी मिळेल, वर गेल्यावर मिळेल, ही सगळी उधारी. हिंमत द्यायची ती आज, हातोहात. त्यांचा स्वतःचा मुलगा गेल्याची बातमी त्यांना कीर्तनात कळली आणि तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. मला ते कधी पटलं नाही. बापाने रडावं. पण हेही खरं की ते रोज ज्यांच्यासाठी उभे राहत, त्यांच्यातही मुलं गेलेलेच आईबाप असत. बाबा २० डिसेंबर १९५६ ला इथून जवळच, वलगावपाशी पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच गेले. घर नव्हतंच.

आणि तरीही, मामीचा परलोक मला उधारीचा वाटत नाही. तिला तिथून काही मिळवायचं नाही. स्वर्ग नको, पुण्य नको. तिला एवढंच वाटतं की पोरगा कुठेतरी आहे आणि उपाशी आहे, आणि म्हणून आपण अजून काहीतरी करणं लागतो. या एका भरवशावर ती रोज पहाटे उठते. मी परलोक मानत नाही, पण तो नाही असं तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही. खरं तर आता मला ते सांगावंसंही वाटत नाही.

चौथा दिवस, चतुर्दशी

तिवस्याच्या बाजारातून वांगी घेतली. कुऱ्ह्यावरून कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. इथून तिची पालखी पंढरपूरला जाते, चारशे वर्षांपेक्षा जुनी परंपरा सांगतात. देऊळ उंचावर, खाली वर्धा नदी. पाणी लाल, मोठं, पायऱ्या बऱ्याच बुडालेल्या. घाटावर बरीच माणसं होती. कोणाचा अपघात, कोणाला वीज लागलेली, कोणाला साप. आणि आमच्यासारखेही होते. ओळखू येतात. ते कोणाला काही विचारत नाहीत.

मामीने गोवऱ्या काढल्या. भिंतीच्या आडोशाला तीन तीन रचल्या आणि पेटवल्या. पीठ मळलं, थाळी नव्हती म्हणून पिशवीच्या प्लॅस्टिकवर. मूठ मूठ पिठाचे गोळे करून, चपटे करून, पुन्हा घडी घालून, पुन्हा गोल. घड्या पडल्या तर आतून कच्चा राहत नाही, म्हणाली. चार रोडगे. गोवऱ्या लाल होऊन वर राख धरली तेव्हा तिने हातानेच निखारे पसरले आणि रोडगे आत घातले. वांगी कडेला. बोटं भाजत कशी नाहीत, मला कळत नाही. दर थोड्या वेळाने एक एक उलटायचा, बोटाने टकटक वाजवून पाहायचा, कान लावून. पोकळ वाजला की झाला. बाबूला रोडगे फार आवडत. हुरडा संपला की वावरात तोच घालायचा, आणि बायकांना हात लावू द्यायचा नाही.

पुरोहिताने विचारलं, पिंडाला भात आणला का? मामी म्हणाली, "भात थो खात नव्हता." पुरोहित तरुण होता. त्याने एकदा रोडग्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालते आजी." मला रामायणातली गोष्ट आठवली. भरत चित्रकूटला येऊन बाप गेल्याचं सांगतो, पवनारच्या शिल्पात आहे तीच ती भेट. राजा दशरथाचा मुलगा, पण वनवासात होता, तर रामाने इंगुदीच्या पेंडीत बोरं मिसळून पिंड केला आणि म्हटलं, माणूस जे खातो तेच त्याच्या देवांचं अन्न. वाल्मीकीने हे लिहून ठेवलंय. कोरडवाहू गावाच्या पितराला रोडगा चालणार नाही, असं कोण म्हणेल?

रोडगे भाजत होते तेव्हा मी तिला सांगितलं. तीन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी बाबूचा मला फोन आला होता. मी वर्गात होते. "शाळेत आहे रे, संध्याकाळी करते," म्हणून ठेवला. संध्याकाळी परीक्षेचे पेपर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून फोन आला तो वेगळ्याच माणसाचा.

मामीने रोडगा उलटला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या रात्री त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. रोज एक खात नव्हता. मले वाटलं, आज लेकरू पोटभर जेवलं. मी खुशीत झोपली व माय."

मी तिचा हात धरला. राखेने भरलेला, गरम. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो आणि एक रोडगा त्यात करपला.

वर देवळात गेलो. रुक्मिणीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, शिशुपालाशी लग्न लावत होते, तिने कृष्णाला पत्र पाठवलं. पण त्या पत्राची शेवटची ओळ कोणी फार सांगत नाही. भागवतात आहे ती. तुझी कृपा झाली नाही तर व्रतांनी झिजून झिजून मी प्राण सोडेन, शंभर जन्म लागले तरी. म्हणजे या गावच्या लेकीनेही जीव नकोसा झाल्याचं लिहून कळवलं होतं. फरक एवढाच की तिचं पत्र घेऊन जाणारा माणूस वाटेत थांबला नाही, आणि ज्याला लिहिलं त्याने ते ऐकताच रथ जोडायला सांगितला. रातोरात. नंतर बघू म्हणाला नाही. मी मूर्तीपुढे उभी राहिले आणि मला रडू आवरलं नाही. मामी पाठीवरून हात फिरवत होती, जिचा मुलगा गेला ती.

खाली येऊन एक रोडगा आणि भाजलेलं वांगं पळसाच्या पानावर ठेवून पाण्यात सोडलं. पान दोन पायऱ्या गेलं, फिरलं, कलंडलं. रोडगा जड, लगेच बुडाला. "घेतला," मामी म्हणाली. एक पुरोहिताला दिला. करपलेला आम्ही दोघींनी मोडून खाल्ला, मिठाच्या वांग्याशी. चौथा तिने वर्तमानपत्रात गुंडाळला.

पाचवा दिवस, अमावस्या

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. पाऊस, दोन गाड्या चुकल्या, मामीचे पाय सुजले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी दुसऱ्यांच्या वावरात निंदणावरून नुकतीच आलेली, पायाला चिखल. ती या कशातच येत नाही, पितर नाही, श्राद्ध नाही. मागे एकदा मला म्हणाली होती, "ताई, मी त्यायले अजून माफ नाही केलं. मले न सांगता गेले." मी त्यावर तेव्हा काही बोलले नव्हते, आजही बोलणार नाही. तिचा तो हक्क आहे, आणि तो राग मला मामीच्या रोडग्यांइतकाच खरा वाटतो. त्या रागानेच ती सात एकर वावर दोन वर्षं एकटीने पेरते आहे. सावकार दारात आला तेव्हा मामेभाऊ ज्याच्यापुढे मान खाली घालायचा, त्याला तिने वही दाखव म्हटलं, आणि तो परत आला नाही.

मामीने पिशवीतून रोडगा काढला. दगडासारखा झालेला. वहिनीने तो हातात घेतला, वास घेतला. काही न बोलता खलबत्त्यात घालून फोडला, वरणात टाकून चुलीवर ठेवला. पोरगी अभ्यासाचं पुस्तक उपडं टाकून आली, कुठे कुठे गेल्ता, रुक्मिणी पाह्यली का, फोटो काढला का, असं सुरू झालं. तिघी एकाच ताटाभोवती बसल्या. मामीने पदराची गाठ सोडून शून्याची सगळी तिकिटं नातीपुढे ठेवली. एवढं फिरली मी, एका पैशाशिवाय. पोरीने ती ओळीने लावली आणि मोजली.

जेवण झाल्यावर वहिनी म्हणाली, उद्या पहाटे सहाला निघाचं, खालच्या वावरात सोयाबीन सोंगाले मजूर ठरले, चार बाया, त्यायच्या बी भाकरी लागतीन.

"मंग भाकरी मी टाकतो," मामी म्हणाली. "तू झोप."

"तुमचे पाय पाहा आधी."

"पायानं थोडीच टाकाच्या हायेत. मले चारले उठव."